स्क्वॉट १७०, क्लीन ९०: जिममधून वेटलिफ्टिंगकडे येणाऱ्यांसाठी

चार वर्षं जिममध्ये घाम गाळून मी वेटलिफ्टिंगच्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा माझा बॅक स्क्वॉट (बार मानेमागं खांद्यांवर घेऊन बसून उठणं) १६० किलो होता आणि मान जरा ताठच होती. सरांनी विचारलं, ‘किती मारतोस?’ मी आकडा सांगितला. ते ‘बरं’ म्हणाले आणि कोपऱ्यातला पीव्हीसी पाइप हातात दिला. पुढचे तीन आठवडे तो पाइप काही सुटला नाही. सहा महिन्यांत १६० चे १७० झाले, पण क्लीन (बार जमिनीवरून खांद्यावर घेणं) ९० वर ठाण मांडून बसला. शेजारच्या प्लॅटफॉर्मवर नववीतली एक मुलगी सराव करायची. एकदा माझा ९५ चा क्लीन तिसऱ्यांदा पुढं पडला तेव्हा ती बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली, ‘दादा, तुम्ही बार ओढताय लई, पण खाली बसतच नाही.’ इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. माझं उलट होतं. आड तुडुंब आणि पोहराच गळका. काहींचा पोहरा छान असतो आणि आड कोरडा. स्क्वॉट, पुल, प्रेस हे ताकदीचे व्यायाम आड भरतात. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हा पोहरा. तुमचं पाणी कुठं अडलंय हे शोधायचं आणि मग कोणता व्यायाम वाढवायचा ते ठरवायचं, एवढ्यासाठी हा लेख.

१. आधी खेळ कशाचा आहे ते बघा

प्रकार दोन. स्नॅच म्हणजे जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. प्रत्येकी तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज ही तुमची टोटल.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपर्यंत तिसराही प्रकार होता, प्रेस. खांद्यावरचा बार हातांच्या जोरावर वर ढकलायचा. पण खेळाडू कंबरेतून इतके मागं झुकायला लागले की उभ्याउभ्या बेंच प्रेस चाललाय असं वाटावं. पंचांना निकाल देणं अवघड झालं आणि त्या वर्षानंतर तो प्रकार काढून टाकला. जिमवाल्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आता नियम नेमका उलटा आहे. डोक्यावर बार घेताना कोपर वाकलेलं राहिलं आणि मग ढकलून सरळ केलं, की तो प्रेस-आउट. लाल दिवा, लिफ्ट बाद. तुमचा ११० चा बेंच त्या क्षणी तुमच्याच विरोधात साक्ष देतो.

२. अंग वाकतं का ते तपासा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते टाळतात.

भिंतीपासून पायाचा अंगठा दहा सेंटिमीटरवर ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? नाही टेकला तर घोटा आखडलेला आहे. मग पीव्हीसी पाइप रुंद पकडून डोक्यावर धरा आणि पूर्ण खाली बसा. पाइप पुढं झुकला किंवा टाचा उठल्या, तर स्नॅच शिकताना तुम्हाला रडू येणार हे आत्ताच समजून घ्या. तिसरी तपासणी फ्रंट रॅकची. बार बोटांवर, कोपर पुढं आणि उंच, वजन हातांवर न येता खांद्यांवर. बेंच आणि बायसेप्सवर वाढलेल्या मंडळींचं कोपर इथं खाली लोंबतं. माझंही लोंबत होतं.

तालमीतून येणाऱ्यांसाठी एक सूचना. आपली परंपरागत बैठक टाचा उचलून मारतात. मांड्या त्यानं दणकट होतात, दम वाढतो, पण टाच जमिनीला चिकटवून तळाला बसायची सवय त्यातून लागत नाही. पाचशे बैठका मारणारा गडी ओव्हरहेड स्क्वॉटमध्ये (बार डोक्यावर धरून बसताना) रिकाम्या बारखाली डगमगताना मी पाहिलाय. उलट गावाकडं उकिडवं बसून वाढलेल्या पोरांना हा तळ फुकटात मिळालेला असतो.

३. सामान

• बूट: वेटलिफ्टिंगचे, टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच आणि कडक. मऊ तळव्याचे रनिंग शूज नकोत, वजनाखाली पाय डळमळतो. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ती ही.
• बार: पुरुषांचा २० किलोचा, २८ मिलिमीटर जाड, महिलांचा १५ किलोचा, २५ मिलिमीटर. बारची टोकं मोकळी फिरली पाहिजेत. साध्या जिममधला गंजका बार फिरत नाही आणि क्लीन घेताना मनगट मुरगळतं. तो बार तिथल्या डेडलिफ्टलाच शोभतो.
• रबरी बंपर प्लेट आणि लाकडी प्लॅटफॉर्म. फरशीवर लोखंडी प्लेट टाकली तर तुम्हाला दुसरं जिम शोधावं लागेल.
• चॉक आणि अंगठ्याला गुंडाळायची चिकटपट्टी.
• पीव्हीसी पाइप किंवा झाडूचा दांडा.
• फोन आणि वही. वही जास्त महत्त्वाची.

कमरेचा पट्टा पहिले काही महिने नको. स्ट्रॅप (मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायच्या पट्ट्या) स्पर्धेत चालत नाहीत, तेव्हा त्यांचीही सवय लावू नका. हातमोजे तर विसराच, कारण इथं हुक ग्रिप लागते. अंगठा बारला चिकटवायचा आणि पहिली दोन बोटं त्याच्यावरून घ्यायची. पहिले पंधरा दिवस अंगठा इतका ठणकतो की शर्टाची बटणं लावताना तोंडातून शब्द निघतात. नख निळसर पडतं. मग एक दिवस लक्षात येतं की दुखायचं थांबलंय, आणि त्यानंतर साधी पकड लुळी वाटायला लागते.

४. शिकायचा क्रम: वरून खाली

जमिनीवरून सुरुवात करू नका. आधी बार जिथं जाऊन थांबतो ती जागा शिका, म्हणजे ओव्हरहेड स्क्वॉट आणि फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांवर पुढून धरून बसणं). मग बार मांडीवर धरून तिथून उडी आणि झेल. मग गुडघ्याच्या वरून, आणि सगळ्यात शेवटी जमिनीवरून. जर्कसाठी आधी प्रेस, मग पुश प्रेस, मग पाय पुढं-मागं फाकून स्प्लिट.

या टप्प्यात वजन वाढवायचा मोह आवरा. माझा सगळा घोळ इथंच झाला. ६० किलो मी नुसत्या ओढण्याच्या जोरावर छातीपर्यंत आणू शकत होतो, म्हणून खाली बसायची गरजच पडली नाही. शरीर आळशी असतं. गरज नसली तर शिकत नाही. ९० ला गरज पडली, तोवर चुकीची सवय हाडीमाशी खिळली होती. अंगात ताकद नसलेली पोरं इथं नशीबवान. ३० किलोलाही त्यांना बारखाली शिरावंच लागतं.

५. कोणता व्यायाम नेमकं काय देतो

बॅक स्क्वॉट हा पायांच्या ताकदीचा पाया, यात वाद नाही. पण तो पूर्ण खोल हवा. मांडी आडवी झाली की वर येणारा १७० आणि पोटऱ्यांवर मांड्या टेकवून वर येणारा १४० यांत वेटलिफ्टरला १४० चा उपयोग, कारण क्लीन झेलताना तुम्ही तळालाच असता.

फ्रंट स्क्वॉट त्याहून जवळचा. क्लीन खांद्यावर आला की पुढं जे उरतं तो फ्रंट स्क्वॉटच, फक्त दमलेल्या अवस्थेतला. शिवाय उठून झालं की जर्क बाकी असतो. उठण्यातच पाय संपले तर जर्कला काय राहणार? म्हणून फ्रंट स्क्वॉट क्लीनपेक्षा बऱ्यापैकी वर हवा. फ्रंट स्क्वॉटमध्ये पाठीचा वरचा भागही कामाला लागतो. तो वाकला की कोपर पडतं, कोपर पडलं की बार पुढं घरंगळतो. पाय कितीही तगडे असोत, बारला ते कळत नाही.

पुल (लिफ्टचा नुसता ओढायचा भाग, झेल नाही) आणि डेडलिफ्ट यांची गल्लत सगळे करतात. जिममधल्या जड डेडलिफ्टमध्ये कंबर आधी वर उठते, पाठ आडवी होते आणि बार कासवाच्या चालीनं वर येतो. चालतं, कारण तिथं मांडीशी आल्यावर काम संपतं. स्नॅच-क्लीनमध्ये मांडीशी आल्यावर काम सुरू होतं. गुडघ्यापर्यंत पाठीचा कोन तोच ठेवायचा, गुडघा ओलांडला की वेग वाढवायचा, आणि मांडीच्या वरच्या भागाला (स्नॅचमध्ये थेट जांघेला) बार घासून उसळायचा. क्लीन पुल, स्नॅच पुल याच वाटेनं मारा. तुमच्या क्लीनच्या ९० ते ११० टक्के वजन पुरे. त्यावर गेलात आणि वाट बदलली, तर तुम्ही मन लावून चुकीची वाट पाठ करताय. डेडलिफ्टची सवय मोडायला मला स्क्वॉट वाढवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कंबरेतून झुकून बार खाली-वर करणं) मात्र नक्की करा. मांडीचा मागचा भाग आणि कंबर, दोन्हींना त्याचा फायदा होतो, आणि वजन हलकं ठेवूनही होतो.

पुश प्रेस हा जर्कचा सख्खा भाऊ. पायांनी झटका देऊन बार उडवायचा, हात शेवटी येतात. साधा प्रेस खांदा स्थिर राहण्यापुरता. बेंच प्रेस वाईट नाही, पण त्यानं छाती-खांदे आखडले तर ओव्हरहेड स्थिती बिघडते. आठवड्यातून एकदा, हलका. पुल-अप आणि रोइंग हवेतच, पाठीसाठी.

किती ताकदकाम करावं यावर जगभर भांडणं आहेत. इव्हान अबाजिएव्हच्या बल्गेरियन संघानं सगळं छाटून स्पर्धेतल्या लिफ्ट आणि स्क्वॉट यांवर भर दिला आणि पदकं घेतली. चिनी लिफ्टर ढीगभर पुल, प्रेस, रोइंग करतात आणि तेही पदकं घेतात. दोघांचेही व्हिडिओ बघा, मजा येते. पण ते दिवसाचे कित्येक तास हेच करणारे लोक. तुम्ही ऑफिसातून सातला सुटणार. त्यांचा आठवडा उचलून आणू नका.

६. वहीतला हिशेब

आता मुद्द्याचं पान. वहीत चार आकडे लिहा: बॅक स्क्वॉट, फ्रंट स्क्वॉट, क्लीन अँड जर्क, स्नॅच. बॅक स्क्वॉट १०० धरला तर बाकीचे साधारण असे असावेत, असा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे:

• फ्रंट स्क्वॉट ८५ ते ९०
• क्लीन अँड जर्क ८० च्या आसपास
• स्नॅच ६० ते ६५ (म्हणजे क्लीन अँड जर्कच्या साधारण ८० टक्के)

माझं पान बघा. बॅक १७०, फ्रंट १२०, क्लीन ९०, स्नॅच ६२. हिशेबानं फ्रंट १४५ च्या पुढं आणि क्लीन १३६ च्या आसपास हवा होता. स्क्वॉटच्या नावानं आणखी घाम गाळून काही हाती लागणार नव्हतं. सरांनी बॅक स्क्वॉट आठवड्यातून एकदाच ठेवला, फ्रंट स्क्वॉट तळाला तीन सेकंद थांबून करायला लावला आणि क्लीन पूर्ण खाली बसून, तेही ७० किलोनं. वर्षभरानं बॅक स्क्वॉट १६५ झाला होता. हो, पाच किलो उतरला. फ्रंट १४० आणि क्लीन ११५.

माझ्याबरोबरच्या एका पोराचं पान वेगळं: फ्रंट स्क्वॉट ९५, क्लीन ९२. त्याची लिफ्ट बघत राहावी अशी होती, पण क्लीन घेऊन उठताना त्याचा चेहरा जांभळा व्हायचा आणि जर्क रोज हुकायचा. त्याला तंत्र शिकवण्यात अर्थ नव्हता. त्याला आठवड्यातून तीनदा स्क्वॉट लावला.

हे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे थोरांच्या आकड्यांवरूनच कळतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क १३५ मारला, एकूण २४८. मलेशियाचा अनिक कसदान स्नॅचमध्ये १०७ वर होता, सहा किलो मागं. त्यानं क्लीन अँड जर्क १४२ मारून २४९ केले. सुवर्ण एका किलोनं गेलं. संकेतचं उजवं कोपर क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात दुखावलं होतं, तरी तो तिसऱ्याला उतरला. स्नॅच क्लीन अँड जर्कच्या किती टक्के, हे काढून बघा: संकेतचा ८४, कसदानचा ७५. उतरले दोघं एकाच मंचावर, आणि किती वेगळ्या वाटांनी.

मीराबाई चानूचं पान तर अभ्यासासारखं आहे. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिनं ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कचा ११९ किलोचा जागतिक विक्रम केला, तेव्हा स्नॅच ८६ होता. टक्केवारी ७२. तिची अडचण पायांत नव्हती, खांद्यात होती. त्याच्या उपचारासाठी ती २०२० च्या अखेरीस अमेरिकेत सेंट लुईसला जाऊन आली होती. टोकियोत ८७ आणि ११५, एकूण २०२, रौप्य. क्लीन अँड जर्कचा जागतिक विक्रम करणारी बाई खांद्याच्या दुरुस्तीसाठी इतक्या लांब जाते, आणि आपण घोट्याच्या पाच मिनिटांच्या व्यायामाला कंटाळतो.

७. नोकरी सांभाळून तीन दिवसांचा आठवडा

क्रम एकच: आधी लिफ्ट, मग ताकद. वेगाचं काम ताज्या अंगानं, स्क्वॉट शेवटी.

सोमवार: स्नॅच, दोन-दोनचे आठ सेट. स्नॅच पुल, तीनचे चार सेट. बॅक स्क्वॉट, पाचचे पाच सेट.
बुधवार: क्लीन अँड जर्क, एक-एकचे आठ ते दहा सेट. पुश प्रेस, तीनचे पाच सेट. रोमानियन डेडलिफ्ट आणि पुल-अप.
शनिवार: स्नॅच आणि क्लीन अँड जर्क दोन्ही, त्या दिवशी जमेल तितकं पण सफाईनं. मग फ्रंट स्क्वॉट, तीनचे पाच सेट.

सोमवार-बुधवारच्या लिफ्ट तुमच्या सर्वोत्तम वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांत ठेवा. दोन प्रयत्न ओळीनं हुकले की वजन उतरवा. कोरडा आड असलेल्यांनी बुधवारीही स्क्वॉट घालावा. गळक्या पोहऱ्यावाल्यांनी सोमवारचा स्क्वॉट तीन सेटवर आणावा, आणि जिममधल्या जुन्या मित्रांना आकडे सांगत बसू नये.

८. खड्डे कुठं आहेत

बार टाकायला शिका, तेही पहिल्याच आठवड्यात. स्नॅच मागं जातोय असं वाटलं तर हात सरळ ठेवून पुढं सटका. क्लीन बुडाला तर कोपर मोकळं करून मागं उडी मारा. बार वाचवायच्या नादात मनगटं जातात.

बाजूनं व्हिडिओ काढा, समोरून नको. बार अंगापासून किती लांब जातो ते बाजूनंच दिसतं.

डब्यातल्या पावडरी जपून. स्पर्धेत उतरणार असाल तर नाडा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) तुमचीही चाचणी घेऊ शकते, आणि ‘मला जिमवाल्यानं दिलं’ हे उत्तर तिथं चालत नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची.

पहिल्या स्पर्धेसाठी वजन उतरवू नका. ज्या गटात बसता त्यातच उतरा.

९. पहिली जिल्हा स्पर्धा: कागद आणि प्रयत्न

मला लागलेले कागद: आधार कार्ड, जन्मदाखला, पासपोर्ट फोटो, वैद्यकीय दाखला, संघटनेच्या नोंदणीची पावती. १८ च्या आतल्यांना पालकांचं संमतिपत्र आणि शाळेचा बोनाफाइड. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि मूळ प्रत. वयोगट ठरवताना स्पर्धेच्या वर्षात किती वर्षं पूर्ण होतात ते बघतात: युथ १३ ते १७, ज्युनिअर १५ ते २०, सीनिअर १५ पासून पुढं.

वजन स्पर्धेच्या दोन तास आधी घेतात आणि ते तासभर चालतं. त्यानंतर खा. केळी, चटणीशिवाय इडली, पाणी. वजन देतानाच पहिल्या प्रयत्नांचे आकडे लिहून द्यावे लागतात. पहिला आकडा असा हवा की ताप असला तरी निघेल. तिन्ही हुकले तर टोटलच लागत नाही. २०१६ ला रिओमध्ये मीराबाईचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न गेले होते, तिथं आपण कोण? नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं. बार वर गेला की पंचांची खूण होईपर्यंत धरून ठेवा. आनंदात आधीच टाकला तर बाद.

मी स्नॅच ७० नं उघडला, निघाला. ७५ निघाला. ८० ला लोभ नडला. क्लीन अँड जर्क १००, १०६ आणि मग ११०, तिन्ही पांढरे दिवे. टोटल १८५, गटात सहावा. त्याआधी सकाळी मूळ जन्मदाखला घरी राहिल्यामुळं भावाला मोटरसायकलवरून चाळीस किलोमीटर पळवावं लागलं होतं, वजन बंद व्हायला सात मिनिटं उरली तेव्हा तो पोहोचला. तेव्हा आदल्या रात्री बॅग भरताना बूट सगळ्यात खाली आणि कागदांची फाइल सगळ्यात वर.